नोकरी आणि गाव न सोडता सायबर सुरक्षेची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

तुम्ही विचारले आहे की, देवगडला राहून एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात सात वर्षे काम केल्यावर सायबर सुरक्षा व माहिती प्रणाली या विषयातील ऑनलाइन एम.एस. करावी का, आणि पुढे त्या पदवीला कोणी विचारील का. मी चिपळुणात एका पतसंस्थेची संगणक व्यवस्था सांभाळतो. जानेवारी 2022 मध्ये एका अमेरिकी विद्यापीठात ऑनलाइन प्रवेश घेऊन अशीच पदवी मी तीन वर्षांत, एकही दिवस बिनपगारी रजा न घेता पूर्ण केली. माझे उत्तर 'घ्यावी' असेच आहे, पण त्याला एक अट आहे: ज्या यंत्रणेची जबाबदारी आज तुमच्यावर आहे, ती अभ्यासाच्या टेबलावर उलटीपालटी करून पाहण्याची तुमची तयारी हवी. तशी नसेल, तर एवढ्या पैशांत आणि जागरणांत हाती केवळ कागद येतो.

मी या वाटेला का गेलो, ते सांगितल्याशिवाय ही अट कळणार नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता. बॅकअप मी रोज संध्याकाळी न चुकता घेत असे आणि त्याची हार्ड डिस्क त्याच खोलीतील लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात, कुलपात ठेवत असे. कुलूप चांगल्या प्रतीचे होते. पाणी ओसरल्यावर ते तोडावे लागले आणि आतून डिस्कच्या आधी गाळ बाहेर आला. पुढचे काही आठवडे आम्ही सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे राहिलेली जुनी प्रत, पिग्मी एजंटांची मशीन आणि ठेवीदारांनी माळ्यावर टाकून वाचवलेली पासबुके समोर ठेवून खाती पुन्हा उभी केली. संगणकीकरण झाल्यापासून पासबुक छापणे हा निव्वळ उपचार आहे असे मी मानत आलो होतो. ते मत मी तेव्हा गिळले.

पहिल्याच सत्रात गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता ही त्रयी शिकवली गेली. वर्गातील बहुतेकांचे लक्ष पहिल्या शब्दावर होते, कारण हॅकर, चोरी, पासवर्ड हे सारे तिथे येते. मला मात्र तिसरा शब्द, म्हणजे माहिती हवी तेव्हा हाती असणे, आधीच कळलेला होता. परिचयाच्या एखाद्या संस्थेसाठी 'रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे अपघात झाल्यास जास्तीत जास्त किती तासांची माहिती गमावणे परवडेल, ते ठरवा असा स्वाध्याय आला. बॅकअप रोज एकदा होतो, म्हणून मी 24 तास लिहून मोकळा झालो. प्राध्यापकांनी गुण देण्याऐवजी एक प्रश्न लिहून तो परत पाठवला: हा आकडा संस्थेने ठरवला आहे, की तुमच्या बॅकअपच्या सवयीने?

त्या प्रश्नापायी मी एका पिग्मी एजंटाबरोबर एक संपूर्ण दिवस बाजारपेठेत फिरलो. तो सकाळपासून दुकानोदुकानी वसुली करतो, संध्याकाळी सातच्या सुमारास मशीन आणून जोडतो, दिवसभराच्या नोंदी सर्व्हरवर उतरतात आणि मशीनची स्मृती पुसली जाते. आमचा बॅकअप मात्र सहा वाजता व्हायचा. याचा अर्थ असा की, आजची वसुली सातपासून उद्याच्या सहापर्यंत, तब्बल 23 तास, फक्त सर्व्हरवर असते. मशीनमध्ये नाही आणि बॅकअपमध्येही नाही. पुरानंतर आम्ही डिस्क ठेवण्याची जागा बदलली होती, पण वेळेकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, माझेही नाही. उपाय एका मिनिटाचा होता: बॅकअप रात्री आठ वाजता लावला. माझ्या सगळ्या फीमधून संस्थेला मिळालेला सर्वांत मोठा लाभ कोणता, असे विचारलेत, तर मी हाच सांगेन.

तांत्रिक भाग कमी लेखू नका. कूटलेखनासाठी मॉड्युलर अंकगणित पुन्हा शिकावे लागते, आणि बफर ओव्हरफ्लो (स्मृतीतील ठरलेल्या जागेबाहेर माहिती सांडून होणारा हल्ला) समजून घ्यायचा तर सी भाषेतील पॉइंटरची जुनी भीती आधी काढावी लागते. प्रयोगांसाठी एकाच लॅपटॉपवर दोन-तीन आभासी मशीन चालवावी लागतात. माझ्या आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपने पहिल्या महिन्यातच मान टाकली, तेव्हा सोळा जीबीची तरतूद आधीच करा. पण अभ्यासक्रमाच्या नावातील 'माहिती प्रणाली' हा अर्धा भाग अनेक जण सोपा म्हणून उरकतात, आणि तीच चूक ठरते. कॉसमॉस बँकेचे प्रकरण पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये हल्लेखोरांनी बनावट स्विच (एटीएमची विनंती बँकेच्या प्रणालीकडे नेणारा दुवा) उभा करून 28 देशांतील एटीएममधून पैसे काढले, दोन दिवसांनी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक संदेश जाळ्यामार्फत हाँगकाँगला रक्कम पाठवली, आणि एकूण सुमारे 94 कोटी रुपये गेले. पैसे काढण्याची विनंती मूळ बँकिंग प्रणालीपर्यंत पोहोचलीच नव्हती. होकार परस्पर दिला जात होता. अशा वेळी एकेक यंत्र किती मजबूत आहे याला फारसा अर्थ उरत नाही. कोणता निरोप कुठून कुठे जातो आणि वाटेत त्याची खातरजमा कोण करतो, हे कागदावर मांडता यावे लागते. ते मांडणे हाच माहिती प्रणालीचा अभ्यास.

अमेरिकी अभ्यासक्रमाची एक मर्यादा मात्र आहे. त्यांच्या आरोग्य-माहितीच्या कायद्यावर मी दोन आठवडे घालवले, ज्याचा चिपळुणात मला काडीचा उपयोग झाला नाही. आपले नियम आपणच वाचायचे असतात. तुमच्या बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचे 31 डिसेंबर 2019 चे नागरी सहकारी बँकांविषयीचे परिपत्रक, ज्यात बँकांची चार स्तरांत विभागणी केली आहे; सायबर घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेचे 28 एप्रिल 2022 चे निर्देश, ज्यांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात; आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. प्रत्येक स्वाध्यायात मी यांपैकी एखादा दस्तऐवज ओढून आणत असे, आणि प्राध्यापकांनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

आता पदवीच्या किमतीविषयी. भारतीय विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेणार असाल, तर विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम, दोन्ही यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहेत का, ते पाहा; मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाईल, असे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. आयआयटी कानपूरच्या सायबर सुरक्षेतील ई-मास्टर्स या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेट या प्रवेश परीक्षेची अट नाही. परदेशी विद्यापीठांत जॉर्जिया टेकचा ऑनलाइन अभ्यासक्रम 2019 मध्ये सुरू झाला तेव्हा 10,000 डॉलरच्या आत होत असे. इतर अनेक ठिकाणी याच्या कित्येक पट रक्कम लागते. खासगी कंपनीत परदेशी पदवीबद्दल मला कोणी शंका विचारली नाही. सरकारी नोकरी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल, तर ती पदवी भारतीय पदवीच्या समकक्ष धरली जाईल का, याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत परदेशी फी भरू नका. आणि केवळ बढतीसाठीच हवे असेल, तर सीआयएसएसपी हे सायबर सुरक्षेतील व्यावसायिक प्रमाणपत्र आधी विचारात घ्या: त्याला पाच वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, जो तुमच्याकडे बहुधा आहे, आणि खर्च पदवीच्या तुलनेत किरकोळ आहे.

कोकणातल्या अडचणी ठाऊकच असतील, तरी दोन गोष्टी सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी सहाची थेट तासिका आपल्याकडे पहाटे साडेतीनला येते, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळे मागे गेली की साडेचारला. म्हणून ध्वनिमुद्रित व्याख्यानांचाच अभ्यासक्रम निवडा. दुसरे म्हणजे, त्यांचे उन्हाळी सत्र मे ते जुलै असते, आठवडे कमी आणि गती दुप्पट, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे पाऊस आणि वीज यांचा खेळ चालू होतो. ते सत्र मी तिन्ही वर्षे मोकळे सोडले. परीक्षेसाठी फायबर, मोबाइल आणि इन्व्हर्टर असे तिन्ही लागतात. परीक्षेआधी कॅमेऱ्याने खोली दाखवावी लागते. माझ्या पहिल्या परीक्षेत टेबलाखालची बरणी पाहून पर्यवेक्षिकेने झाकण उघडायला लावले. आत आईने भरलेली आमसुले होती. ती कशासाठी असतात, हे समजावण्यात चार मिनिटे गेली.

शेवटी परवानगीचा मुद्दा. बँकेचे लॉग, नेटवर्कचे आराखडे किंवा ग्राहकांची एकही खरी नोंद स्वाध्यायात जाता कामा नये. आकडे बदलून, नावे काढून, वरिष्ठांच्या लेखी संमतीनेच काम करावे. मी आमच्या संचालक मंडळापुढे अर्ज ठेवला, तेव्हा अर्धा तास चर्चा होऊन एका ओळीचा ठराव झाला, आणि त्याची प्रत मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला प्राध्यापकांना पाठवत असे. तुमच्या बँकेकडून असे पत्र मिळते का, ते प्रवेश अर्जाची फी भरण्यापूर्वी विचारा. नकार आला, तर कोणता विषय कशावर अभ्यासायचा ते नव्याने ठरवावे लागेल, आणि तेव्हा मला पुन्हा लिहिलेत तरी चालेल.