भंगारातला ईसीयू कामाला लावताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी मिशिगनला असतो. जंकयार्डमधून १९९३च्या होंडा सिव्हिकचा पी२८ मॉडेलचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काढून आणलाय. यात आपला प्रोग्रॅम टाकता येतो का?

येतो की! त्यासाठीच तर लोक पी२८ शोधत फिरतात. मूळ प्रोग्रॅम प्रोसेसरच्या आतच असतो, पण होंडाने बोर्डवर बाहेरच्या चिपची जागा रिकामी ठेवलीये, तिथे २८ पिनचं सॉकेट, ७४एचसी३७३ लॅच (ॲड्रेस धरून ठेवणारी चिप), ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, बोर्डवर जे१ लिहिलेल्या जागी वायरचा तुकडा टाकायचा, की ईसीयू बाहेरची चिप वाचायला लागतो. खरी कटकट म्हणजे ती भोकं सोल्डरने बुजलेली असतात. विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) लावून शांतपणे मोकळी करा, घाईत जोर लावलात तर बोर्डवरचा तांब्याचा ट्रॅकच उचकटून येतो.

प्रश्न: २७एसएफ५१२ मेमरी चिप बर्न केली (तिच्यात प्रोग्रॅम लिहिला), व्हेरिफाय पण ओके आलं, तरी चेक इंजिन लाइट विझत नाही. ईसीयू गेला का?

गेला नसावा, आधी ॲड्रेस बघा. फाइल ३२ केबीची, चिप ६४ केबीची. सॉकेटची १ नंबर पिन ५ व्होल्टला बांधलेली असते, जुन्या ३२ केबीच्या २७सी२५६ चिपला ती तशीच लागायची, पण ५१२मध्ये तीच पिन ए१५ ॲड्रेस लाइन आहे, म्हणजे वरचा अर्धा वाचायचा की खालचा ते ठरवणारी, त्यामुळे ईसीयूला फक्त वरचा अर्धा भाग दिसतो आणि तुमची फाइल बसलीये खाली. प्रोग्रॅमरमध्ये फाइल ८००० हेक्स या ॲड्रेसपासून, म्हणजे वरच्या अर्ध्यात, लोड करा. आणि पहिल्यांदा स्टॉक (कंपनीची मूळ) फाइलच टाका हो, तिच्यावर गाडी नीट चालली की मग मॅपला (इंधन-इग्निशनच्या तक्त्यांना) हात लावा, नाहीतर चूक सोल्डरिंगची की मॅपची हेच कळत नाही.

प्रश्न: टर्बो लावलाय. कंपनीच्या ऑक्सिजन सेन्सरवर ट्यूनिंग जमेल का?

नाही. तो हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, बूस्टमध्ये मिश्रण नेमकं किती रिच (पेट्रोल जास्त) आहे ते नाही. म्हणजे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे, आणि बिल पिस्टनवर. वाइडबँड (नेमकं प्रमाण मोजणारा सेन्सर) घ्या, बॉशचा एलएसयू ४.९ चालेल.

प्रश्न: कुर्ल्याहून माझ्या गाडीचाच सेकंडहँड ईसीएम (ईसीयूचंच दुसरं नाव) आणला, क्रँक होते पण स्टार्ट होत नाही.

बहुतेक इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा. ईसीएमला जुन्या गाडीची चावी माहितीये, तुमची नाही. मॅपिंगचा काही संबंध नाही, चावी-ईसीएम मॅच करणाऱ्याकडे न्या, आरसी सोबत ठेवा, चांगला माणूस ती आधी मागतोच.