सर जॉन ओवेन शिरच्छेदाच्या शिक्षेतून वाचला कसा? आणि आर्चबिशप विल्यम्सनं फितुरी केली नसती तर कॉनवीचा किल्ला टिकला असता का?

गोष्ट सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीतली, राजा चार्ल्स विरुद्ध पार्लमेंट. ओवेन आणि विल्यम्स दोघंही राजाच्या बाजूचे, आणि कॉनवी हा उत्तर वेल्समधला किल्ला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देऊन मोकळा होतो, कारण माझं दुखणं तुमच्या दुसऱ्या प्रश्नातल्या ‘फितुरी’ या शब्दात आहे.

ओवेन वाचला तो वशिल्यानं नाही, वशिला नव्हता म्हणून. राजा चार्ल्सचं डोकं ३० जानेवारी १६४९ ला उडवलं आणि लगेच पुढच्या महिन्यात पाच जणांवर खटला उभा राहिला. हॅमिल्टन, हॉलंड, नॉर्विच, केपल हे चार बडे उमराव आणि पाचवा हा उत्तर वेल्समधला जमीनदार. पाचही जणांना शिरच्छेद. ओवेननं कोर्टाला वाकून नमस्कार केला आणि आभार मानले. म्हणाला, एवढ्या थोर लोकांच्या पंगतीत वेल्सच्या एका गरीब माणसाचं डोकं जातंय हा मोठा मान झाला, मला तर वाटलं होतं तुम्ही फासावर लटकवाल. (त्या काळी तलवार किंवा कुऱ्हाड खानदानी माणसाला, दोर भुरट्याला.) उमरावांसाठी नातेवाईक, बायका, मित्र सगळे पार्लमेंटचे उंबरे झिजवत होते. ओवेनसाठी कोणी नाही. ते पाहून विरुद्ध पक्षाच्याच, म्हणजे पार्लमेंटच्या बाजूच्या, कर्नल हचिन्सनला वाईट वाटलं. शेजारी बसलेल्या आयर्टन या पार्लमेंटच्या सेनानीला तो म्हणाला, या परक्या माणसासाठी मी बोलतो, तुम्ही पाठिंबा द्या. आयर्टननं दिला. हे हचिन्सनच्या बायकोनं नवऱ्याच्या आठवणींत लिहून ठेवलंय, त्यामुळे नवऱ्याचा मोठेपणा जरा जास्त आला असेल, पण ओवेनला मतदानात जीवदान मिळालं हे पक्कं आहे. नॉर्विचची मतं समसमान पडली, तो सभापतींच्या एका मतानं वाचला. उरलेल्या तिघांची डोकी ९ मार्चला वेस्टमिन्स्टरमध्ये उडवली.

झालं. आता फितुरी.

मी उत्तर वेल्सच्या फ्लिंटशरमध्ये बावीस वर्षं राहतोय आणि त्यातली सहा वर्षं आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा खजिनदार होतो. कुठलं मंडळ ते विचारू नका. इथे तीन घरं मराठी असली की चौथ्या घरात दुसरं मंडळ निघतं. तर गणपतीचं सगळं सामान आम्ही भाड्याच्या एका स्टोअरेजच्या खोलीत ठेवायचो. मखर, सतरंज्या, टाळ, मोठे टोप हे मंडळाचं. पण समया, चांदीची ताम्हणं, निरांजनं, एक जुनी पेटी, पितळी घंटा हे लोकांचं घरचं. दरवर्षी ने-आण नको म्हणून तिथेच राहायचं. मी प्रत्येकाला पावती दिली होती. गावात वडिलांचं किराणा दुकान होतं, तिथून लागलेली सवय. खाली कार्बन घालून दोन प्रती, खाली माझी सही. लोक हसायचे. “चांदीच्या निरांजनाला पावती कसली, साहेब?”

मग मंडळाची निवडणूक आली, दोन गट पडले, आणि एका शनिवारी आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी कटर आणून माझं कुलूप कापलं आणि स्वतःचं लावलं. मला फोनवर सांगितलं, “सगळं मंडळाच्या ताब्यात सुरक्षित आहे, तुम्ही काळजी करू नका.” मी विचारलं, लोकांच्या वस्तूंची जबाबदारी तुम्ही लिहून देता का? ते म्हणाले, लिहून कशाला, माझ्यावर विश्वास नाही का?

महिन्याभरात एका काकूंचा फोन आला. नातवाची मुंज होती आणि त्यांच्या आईची समई आत. पावतीवर सही माझी, म्हणून फोन मला. काकू अध्यक्षांना फोन करत नव्हत्या. का करतील?

आता १६४५ मध्ये या. शिवाजी महाराज तेव्हा पंधरा वर्षांचे होते, एवढा काळ डोळ्यांपुढे ठेवा. जॉन विल्यम्स हा कॉनवीचाच, १५८२ चा जन्म. पुढे राजाचा मोहोरदार (राजमुद्रा सांभाळणारा) झाला, मग यॉर्कचा आर्चबिशप. लढाई पेटल्यावर तो गावी परतला आणि पडका किल्ला पदरच्या पैशानं दुरुस्त करायला घेतला. राजानं १६४३ मध्ये लिहून दिलं की किल्ला तुझ्या ताब्यात राहील, खर्च वसूल होईपर्यंत. मग आसपासच्या लोकांनी आपले दागिने, भांडी, कागदपत्रं सुरक्षित राहावीत म्हणून किल्ल्यात आणून ठेवली. विल्यम्सनं प्रत्येकाला लेखी जबाबदारी देऊन त्या ठेवून घेतल्या. वाचलंत ना? लेखी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. आमची ही म्हणाली, काय झालं, छातीत दुखतंय का?

आता सर जॉन ओवेन, क्लेनेनाय नावाच्या जमीनदारीचा. बाप एलिझाबेथ राणीच्या काळात तिचा मंत्री वॉल्सिंगहॅम याचा सचिव, जमीन मात्र आईच्या बाजूनं आलेली. माणूस शूर, यात वाद नाही. १६४३ ला ब्रिस्टल घेताना त्याच्या तोंडावर गोळी लागली होती. १६४४ च्या शेवटी राजाचा भाचा आणि सेनानी राजपुत्र रूपर्टनं त्याला कॉनवीचा गव्हर्नर केलं आणि मे १६४५ मध्ये यानं सशस्त्र माणसं घेऊन, दारं-कुलुपं फोडून आर्चबिशपच्या माणसांकडून किल्ला काढून घेतला. दोघंही राजाचेच, लक्षात घ्या. शत्रूपासून नाही, आपल्याच माणसापासून घेतला. विल्यम्सनं विनवलं की निदान आतल्या वस्तूंची हमी दे, यादी करू दे, लोक माझ्या दारात उभे आहेत. ओवेननं दिली नाही. राजाकडे तक्रार गेली, रूपर्टकडे गेली, काही झालं नाही. राजाला तेव्हा स्वतःचंच होईना. पुढच्याच महिन्यात तो नेसबीची लढाई हरला.

मी कोणाकडे तक्रार करणार होतो? पोलिसांत? गणपतीच्या समईसाठी?

स्टोअरेजचं खातं आमच्या जुन्या सचिवाच्या नावावर होतं, आणि तो फुटून दुसऱ्या मंडळात गेला होता. कंपनी खातेदाराशिवाय कोणाला दार उघडून देत नाही, हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. ते आपले कटरवर खूश. मी सचिवाकडे गेलो. हो, ‘शत्रू’कडे. त्यानं बदल्यात मागितलं गणपतीच्या शनिवारचं हॉलचं बुकिंग, जे माझ्या नावावर होतं. मी दिलं. अट एकच: ज्याची वस्तू त्याच्या घरी, पावतीशी ताडून, एका दुपारी. मंडळाच्या सतरंजीला सुद्धा हात लावायचा नाही. त्यानं शब्द पाळला. त्या शनिवारी आमचं मंडळ शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या खांबाखाली आरती करत होतं आणि जिन्यावर कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “फितूर आला बघा.”

विल्यम्सनं हेच केलं. १६४६ मध्ये पार्लमेंटचा सेनापती मिटन उत्तर वेल्समध्ये उतरला तेव्हा विल्यम्स त्याला जाऊन मिळाला, किल्ला घ्यायला मदत करतो म्हणाला, अट अशी की लोकांचं सामान लोकांना परत मिळावं. ऑगस्टमध्ये मिटननं गाव घेतलं. चौसष्ट वर्षांचा आर्चबिशप त्या हल्ल्यात जातीनं होता आणि मानेला जखम घेऊन परतला. किल्ला नोव्हेंबरात पडला.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, टिकला नसता. राजानं स्वतः मे महिन्यात स्कॉटिश सैन्याकडे जाऊन स्वतःला स्वाधीन केलं होतं, जूनमध्ये ऑक्सफर्ड, त्याची युद्धकाळातली राजधानी, पडलं होतं. कुमक यायची कुठून? ओवेनचाच भाऊ विल्यम याच्याकडे हार्लेकचा किल्ला होता, तिथे कोणी फितूर झालं नाही, तोही मार्च १६४७ मध्ये द्यावा लागला. विल्यम्सनं चार महिने इकडचे तिकडे केले असतील. त्यासाठी पावणेचारशे वर्षं शिव्या खातोय.

आता अध्यक्षांचं सांगायचं राहिलं. त्या वर्षी ऑक्टोबरात मंडळाची सहल कॉनवीलाच गेली. (भांडणं पुरुषांची होती, बायका एकमेकींकडे वडे तळायला जातच होत्या, त्यामुळे बसमध्ये आम्ही सगळे.) बुरुजावर अध्यक्षांनी सगळ्यांना गोळा केलं आणि ओवेनचा तो कोर्टातला किस्सा रंगवून सांगितला. छान सांगतात, मान्य करतो, मुलं सुद्धा गप्प बसली. मग म्हणाले, “निष्ठा कशी असते ते ओवेनकडून शिका, आणि फितुरी कशी असते ते त्या आर्चबिशपकडून.” आणि माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मी समुद्राकडे बघत उभा राहिलो. घरी येऊन वाचायला लागलो ते आजतागायत वाचतोय. अध्यक्षांनी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

त्यांनी न सांगितलेली अजून एक गोष्ट. १६४८ मध्ये ओवेननं पुन्हा उठाव केला आणि उत्तर वेल्समधल्याच कर्नार्व्हनला वेढा घातला. पार्लमेंटच्या बाजूचा शेरीफ विल्यम लॉइड त्याच्या हाती लागला, जखमी अवस्थेत. पार्लमेंटची फौज येतेय कळल्यावर ओवेन वेढा उठवून निघाला आणि त्या जखमी माणसाला डोलीत घालून बरोबर फरफटवत नेलं. लॉइड त्यात मेला. ५ जूनला लँडिगायजवळ (हो, गायच म्हणतात) दालार हिर नावाच्या जागी लढाई झाली, ओवेन हरला, पकडला गेला आणि त्यातूनच तो लंडनचा खटला उभा राहिला. त्याच लँडिगायच्या चर्चमध्ये १६५० मध्ये विल्यम्सला पुरलं. ओवेन १६६६ पर्यंत जगला, नवा राजा गादीवर आलेला बघितला आणि त्याला पेनमोर्वाच्या चर्चमध्ये पुरलं. माझा सल्ला असा की दोन्ही चर्चेस बघा, पण आधी लँडिगाय. आणि कुठल्याही मंडळात खजिनदार झालात तर कुलूप तुमचं असून भागत नाही, भाड्याचं खातंही तुमच्या नावावर घ्या.

थोडं दुसऱ्या बाजूचंही, नाहीतर खाली कोणीतरी येऊन लिहीलच. विल्यम्स काही संत नव्हता. पक्का दरबारी माणूस, लंडनच्या टॉवरमध्ये तीन वर्षं कैदेत काढलेला, वारा कुठून वाहतोय ते त्याला कळायचं. ओवेनकडे रूपर्टची नेमणूक होती, म्हणजे कागद त्याच्याही बाजूनं होता, आणि लढाईत किल्ल्याला दोन धनी चालत नाहीत हे कुठलाही किल्लेदार सांगेल. आणि मिटनच्या लोकांनी कॉनवी घेतल्यावर हाती लागलेल्या आयरिश शिपायांना पाठीला पाठ बांधून पाण्यात बुडवलं. विल्यम्सनं सामान वाचवलं ते या लोकांशी हातमिळवणी करून. हे वाचल्यावर काही दिवस मी गप्प होतो. आमच्या सचिवानं अर्थात कोणाला बुडवलं नाही, हॉलच्या डिपॉझिटचे साठ पाउंड सोडले तर.

अध्यक्ष मागच्या दिवाळीत भेटले होते. हे सगळं मी त्यांना सांगितलं, तारखांसकट. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही अजून तिथेच आहात?” हो, आहे. अकरा पावत्यांपैकी दहा माझ्याकडे परत आल्यात, त्यांवर ‘वस्तू मिळाली’ म्हणून सह्या आहेत. पावती क्रमांक सात, पितळी घंटा एक, लाकडी मुठीची. त्या दुपारी खोलीत ती नव्हती.