पहिल्यांदाच कुप्पा (ट्यूना मासा) पकडायला निघताय? एवढं सांभाळा

घरच्यांना घेऊन मालवणहून खोल समुद्रात कुप्प्यासाठी जाताय, फार छान वाटलं! पहिल्या खेपेला एवढं पुरे:

१. बोट लागू नये म्हणून गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर नाही. मुलांसाठी डॉक्टरांना विचारा. उपाशी निघू नका.

२. मासा लागला की नवखे घाईने रीलचा ड्रॅग (दोरी किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आवळतात आणि दोरी तुटते. कुप्प्याची पहिली धाव जोरदार असते, धावू द्या. थांबला की रॉड उचला, खाली आणताना गुंडाळा. दोरी हाताला वेढून ओढू नका, बोटं कापतात.

३. बर्फ! सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कुप्प्याचं अंग बाकीच्या माशांपेक्षा गरम असतं. उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन (ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) तयार होतं, ते शिजवूनही जात नाही. आमच्याकडे एकदा अख्ख्या घराचे चेहरे लालभडक झाले होते, अंगाला खाज वेगळीच. पकडल्या पकडल्या कल्ल्याजवळ काप देऊन रक्त काढा, लगेच बर्फात पुरा.

आमिषाचा रंग, बोटीचा वेग तांडेल (बोटीचा प्रमुख) बघेल. तो ‘परत फिरूया’ म्हणाला की वाद घालू नका. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, बेत दिवाळीनंतरचा ठेवा.