लोकप्रिय सिनेमांतून मुलांना ख्रिस्ती विश्वासाचे धडे देता येतात का? कोणते सिनेमे दाखवावेत?

येतात. पण ज्या सिनेमात क्रूस आणि चर्च दिसतं, तिथून सुरुवात करू नका. हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस बहुतेक वेळा दारूच्या गुत्त्यावर बसलेला असतो, नाहीतर तस्कराच्या हाताखाली काम करतो. पाद्री दिसतो तो लग्न लावायला किंवा मातीला. त्यातून पोरांनी काय घ्यायचं? जिथे प्रभूचं नावही निघत नाही, अशा सिनेमात मला जास्त सापडलं.

मी नवापूर तालुक्यातली. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूलची (रविवारच्या बायबल वर्गाची) मोठी मुलं माझ्याकडे असतात. घरी मावची बोलणारी, बऱ्याच जणांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जाणारे. एका उन्हाळ्यात व्हीबीएसच्या (सुट्टीतल्या बायबल शाळेच्या) शेवटच्या रात्री मी मंडळीच्या अंगणात पांढरी चादर बांधून 'दो आँखें बारह हाथ' लावला. व्ही. शांतारामांचा, 1957 चा, कृष्णधवल. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली गोष्ट. जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड जमिनीवर नेतो आणि त्यांच्याकडून शेती करून घेतो. ते एकदा पळतात आणि आपण होऊन परत येतात.

पोरं कंटाळतील असं सगळे म्हणत होते. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' सुरू झालं तशी सगळी गायला लागली, शाळेत प्रार्थना म्हणून पाठच होतं. कैदी बाजारात भाजी विकायला बसतात आणि बाजार मुठीत ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला ते खपत नाही, तिथे तर अंगणात आरडाओरडा झाला. नंदुरबारच्या मिरची बाजारात बापाबरोबर काट्यापाशी उभी राहिलेली पोरं ती. तो व्यापारी कोण, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

मागे एक मुलगा बसला होता. होस्टेलात त्याच्यावर चोरीचा आळ आला होता, तेव्हापासून तो कोणाशी बोलत नसे. सिनेमा संपल्यावर जवळ आला आणि म्हणाला, "ताई, ते सुधरले म्हणून साहेबाने नेलं नाही ना? आधीच नेलं ना?" मी काहीच समजावलं नाही. बायबलातलं रोमकरांस पत्र, पाचवा अध्याय, आठवं वचन उघडून त्याच्या हातात दिलं. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे त्याने मोठ्याने वाचलं. नंतर पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. कृपेवरचे किती संदेश त्या मुलाने आधी ऐकले असतील! पण हा प्रश्न त्याने पहिल्यांदा त्या रात्री विचारला.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतले एक आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "देवाच्या अंगणात नटनट्या नाचवल्या." वर्षानुवर्षं मी हे ऐकते आहे, म्हणून इथे लिहिते. याच आबांनी तरुणपणी पाड्यापाड्यांवर प्रोजेक्टर नेऊन 'दयासागर' दाखवला. तेलुगूतला 1978 चा 'करुणामयुडू' हिंदीत आला तो. त्यातला येशूही नटच होता, विजयचंदर. आबा म्हणतात, तो प्रभूचा सिनेमा. बरं. मग रेव्हरंड ना. वा. टिळकांचं काय? त्यांनी ओवी, अभंग, कीर्तन घेतलं आणि त्यात ख्रिस्त गायला. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली त्यांची गीतं आबा डोळे मिटून म्हणतात. प्रेषित पौलाने अथेन्समध्ये मूर्तिपूजकांच्याच कवींचं वचन सांगितलं (प्रेषितांची कृत्ये 17:28). खुद्द प्रभूने लूक 16 मध्ये लबाड कारभाऱ्याची गोष्ट सांगून शिकवलं. गोष्टीतला माणूस पवित्र असेल तरच धडा घ्यायचा, असा नियम शास्त्रात कुठे आहे, ते आबांनी दाखवावं.

आता तुमची यादी. मोठ्या मुलांना 'ले मिझराब्ल' (2012) दाखवा. बिशपची चांदी चोरणाऱ्याला बिशप वरून मेणबत्त्यांची दाणीही देतो, तेवढा भाग पुरे. खेळणारी मुलं असतील तर 'चॅरियट्स ऑफ फायर'. एरिक लिडेल 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रविवारी धावायला नकार देतो. पुढे 400 मीटरमध्ये सुवर्ण जिंकतो. हे खरं घडलेलं आहे. तो नंतर मिशनरी म्हणून चीनला गेला आणि 1945 मध्ये तिथल्याच जपानी कैदी छावणीत वारला, हे सिनेमा संपल्यावर तुम्ही सांगा. 'नार्निया' (2005) चांगला आहे, पण अस्लान या सिंहाला मारतात तो भाग लहान मुलांना झोपू देणार नाही. सात-आठ वर्षांच्या आतल्यांना पडदा नकोच, तोंडी गोष्ट सांगा.

सिनेमा आधी स्वतः पूर्ण बघा, आणि कोणतं वचन उघडायचं ते ठरवूनच लावा. प्रत्येक मरणाऱ्या नायकाला ख्रिस्त करू नका. पोरं ते लगेच ओळखतात आणि ऐकणं सोडतात. मंडळीच्या पाळकांना (पाद्र्यांना) आधी विचारा, मी विचारलं होतं. ते हो म्हणाले असतील तर बाकीच्यांना प्रेषितांची कृत्ये 17 वाचायला द्या.