रात्रीच का, आणि शहरेच का?

आपण विचारले आहे की दुसऱ्या महायुद्धात शेकडो विमाने रात्रीच्या अंधारात शहरांवर का धाडली जात आणि दिवसाउजेडी नेम धरून कारखानेच का फोडले गेले नाहीत. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बेळगावात उद्यमबागेतल्या फौंड्रीत, ओतकामाच्या भट्टीपुढे माझे आयुष्य गेले. आमचा सांबऱ्याचा विमानतळ ब्रिटिश हवाई दलाने त्याच युद्धात, 1942 मध्ये बांधला, त्या कुतूहलापोटी या विषयावर बरेच वाचले. त्यावरून माझे मत असे झाले की रात्र हा नाइलाज होता, आणि शहर लक्ष्य ठरले ते त्याहून लहान काही अंधारात सापडतच नव्हते म्हणून.

प्रारंभी ब्रिटिशांनी दिवसाच हल्ले करून पाहिले. डिसेंबर 1939 मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म्सहाफेन या नौदल बंदराच्या बाजूला गेलेल्या वेलिंग्टन विमानांपैकी निम्मी विमाने जर्मन लढाऊ विमानांनी पाडली. म्हणून रात्र धरली. पण रात्री वैमानिकालाही दिसत नाही. ऑगस्ट 1941 मध्ये बट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून घेतलेली छायाचित्रे तपासली, तेव्हा लक्ष्य गाठल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी तिनातले एकच पाच मैलांच्या आत पोहोचले होते, आणि धुराने झाकलेल्या रूर खोऱ्यात, म्हणजे जर्मनीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, तर दहातले एक. पाच मैल चुकणे म्हणजे उद्यमबागेवर टाकायचा बॉम्ब सांबऱ्याच्या वाटेवर पडणे. यावर काढलेला उपाय असा की नेम सुधारेपर्यंत लक्ष्यच मोठे करायचे. 14 फेब्रुवारी 1942 च्या ब्रिटिश आदेशात शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच उद्दिष्ट म्हणून लिहिले गेले, आणि काही दिवसांतच आर्थर हॅरिस यांच्याकडे बॉम्बफेकी विमानदलाची सूत्रे आली.

शेकडो विमाने एकाच वेळी पाठवण्यामागे साधा हिशेब होता. जर्मनांनी आकाशाचे चौकोन पाडले होते आणि प्रत्येक चौकोनातले रडार एका वेळी एकाच लढाऊ विमानाला वाट दाखवू शकत असे. विमाने पांगून आली तर एकेक करून सापडत. सर्व विमाने एकाच चौकोनातून लोंढ्यासारखी गेली, तर बहुतेक निसटत. 30 मे 1942 च्या रात्री कोलोनवर हजाराहून अधिक विमाने गेली, ती याच पद्धतीने, आणि सगळा मारा दीड तासात आटोपण्याची योजना होती. कमी वेळात मारा झाला की खालचे अग्निशामक बंबही अपुरे पडतात, हा दुसरा लाभ.

आगीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो माझ्या कामाचा भाग आहे. आमच्याकडे खानापुरी कौलांच्या छपरावर माकडे नाचली की पावसाळ्यात घर गळते; दोन कौले सरकली तरी छप्पर उघडे पडते. जर्मन शहरांवर मोठे स्फोटक बॉम्ब आधी टाकून शेकडो घरांची कौले उडवायची आणि खिडक्या फोडायच्या, मग दोन किलोंहूनही हलके आगलावे बॉम्ब हजारोंनी त्या उघड्या माळ्यांत पाडायचे, असा क्रम होता. क्युपोला भट्टीला, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीला, हवा द्यायला आम्ही ब्लोअर लावतो. 27 जुलै 1943 च्या रात्री हॅम्बुर्गला ब्लोअरची गरज पडली नाही. हवा उष्ण आणि कोरडी होती, बंब आधीच्या हल्ल्यातल्या आगी विझवायला शहराच्या दुसऱ्या बाजूला गेले होते, आणि असंख्य लहान आगी एकत्र होऊन तापलेली हवा वर चढू लागली, तशी तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी वारा आत घुसला. त्या वाऱ्याने झाडे उन्मळली. तळघरांत लपलेली पुष्कळ माणसे ज्वाळा अंगाला न लागताच कार्बन मोनॉक्साइडने गेली. भट्टीजवळच्या कामगाराला हा वायू वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या आठवड्यातील हल्ल्यांत हॅम्बुर्गमध्ये 35 हजारांहून अधिक लोक मरण पावले.

अमेरिकेचे सेनाधिकारी मात्र आपण दिवसा, नेमकी बॉम्बफेक करतो, असे अभिमानाने सांगत. जपानवर तीस हजार फुटांवरच्या प्रचंड वाऱ्यांनी आणि ढगांनी त्यांचाही नेम चुकवला. तेव्हा तिथल्या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे सेनापती कर्टिस लमे यांनी विमानांतल्या बहुतेक तोफा काढून टाकल्या, विमाने पाच ते नऊ हजार फुटांवर आणली आणि 9 मार्च 1945 च्या रात्री तीनशेच्या आसपास बी-29 विमाने टोकियोवर आगलावे बॉम्ब घेऊन पाठवली. तिथली घरे तर बहुतांशी लाकडाचीच होती. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे.