लेक पहिलीत निघाली आहे, तेव्हा

सोलापूर,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. लेक यंदा पहिलीत जाणार म्हणून आनंद झाला. दिवाळीपर्यंत तिला वाचता आलं पाहिजे ना, असं तू विचारलंस. शेजारचा मुलगा इंग्रजी माध्यमात एबीसीडी घडाघडा म्हणतो, हेही दोनदा सांगितलंस. माझी अख्खी नोकरी पूर्व भागात पहिलीच्या वर्गावर गेली, म्हणून हक्कानं सांगते: वाचनाची घाई करू नकोस. ते येतंच. या वर्षात तुझ्या लेकीच्या वाट्याला जे काम आलंय, ते त्याहून अवघड आहे. घरचं कुणी जवळ नसताना चार-पाच तास राहायचं, अनोळखी पोरांत आपली जागा करायची, बाईंचं बोलणं समजून घ्यायचं, भूक-तहान-शू आपल्या तोंडानं सांगायची. एवढं एका वर्षात जमलं, तर तिनं भरपूर केलं असं समज.

शिवाय वयाचा हिशेब बघ. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल त्या वर्षी पहिलीत घेता येतं. म्हणजे जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहा वर्षांचं मूल शेजारी-शेजारी बसलेलं असतं. तुझी लेक नोव्हेंबरची. या वयात अकरा-बारा महिन्यांत हात, जीभ, धीर सगळंच बदलतं. शेजारच्या मुलाशी तिची तुलना करण्याआधी त्याचा जन्ममहिना तरी विचार की.

पहिले पंधरा दिवस रडं होणार. काही मुलं फाटकातच रडतात, ती लवकर सावरतात. काही मात्र आठवडाभर हसत जातात आणि दुसऱ्या आठवड्यात एकदम नाही म्हणून बसतात. रोज जायचंय हे त्यांना तेव्हा कळलेलं असतं. घाबरू नकोस. सोडताना खोटं बोलू नकोस. "इथंच उभा आहे" म्हणून गुपचूप निघून गेलेल्या बापाचा हात मूल दुसऱ्या दिवशी सोडत नाही. "शाळा सुटली की आई येईल" एवढं सांग, पाठ फिरव, आणि तिची आई वेळेवर पोचेल हे बघ. शाळा सुटल्यानंतरची ती पाच मिनिटं फार मोलाची असतात.

आता डब्याचं सांगते, कारण तिथं पालक हमखास चुकतात. भरलेला डबा परत आला की घरात आरडाओरडा होतो: खात नाही, हट्टी आहे. वर्गात मी काय बघायची? मूल स्टीलचा डबा मांडीत घेऊन झाकणाशी झटतंय. नखं लागत नाहीत, बोटं घसरतात. आजूबाजूची जेवू लागलेली असतात, बाईंना सांगायची लाज वाटते. मग ते डबा हळूच दप्तरात ठेवतं आणि पाणी पिऊन उठतं. तेव्हा या आठवड्यात तिला रोज घरी त्याच डब्यातून जेवू दे, झाकण तिचं तिला उघडू आणि लावू दे. पाण्याच्या बाटलीचं तसंच, चपलेच्या पट्ट्याचं तसंच, चड्डीच्या नाडीचं तर आधी. नाडीऐवजी इलॅस्टिक असलं तर उत्तम. शाळेत खिचडी मिळेलच, तरी पहिले काही दिवस ओळखीची चव जवळ असू दे. शेंगाचटणी लावलेल्या पोळीची सुरळी दिली तर एका हातानं खाता येते.

शूचं बोलायला लोक लाजतात, म्हणून मुद्दाम लिहिते. पुष्कळ मुली शाळेतल्या अंधाऱ्या संडासाला भिऊन सुटेपर्यंत दाबून धरतात, आणि मग सुटलेली सवय परत लागून रात्री अंथरूण ओलं होतं. त्यावर तिला रागवायचं नाही. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन ती जागा दाखव, कडी लावून-काढून बघू दे. आणि घरी ती शूसाठी जो शब्द वापरते, तो बाईंच्या कानावर घाल.

इथून भाषेकडे येते. तुमच्या घरात तेलुगू, गल्लीत निम्मं कन्नड, आणि शाळा मराठी. सोलापुरात यात नवल काहीच नाही. आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. तुम्ही मराठी निवडलीत, चांगलं केलंत. पण अशी मुलं पहिले काही आठवडे, कधी कधी दोन-तीन महिनेसुद्धा, वर्गात गप्प राहतात. ती ऐकत असतात, साठवत असतात. माझ्या वर्गात एक पोरगी गणपती होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्या आईला हे सांगितलं, तर ती चकित झाली. पोरगी म्हणे घरी धाकट्या भावाला समोर बसवून माझ्याच आवाजात हजेरी घ्यायची, सगळ्या वर्गाची नावं ओळीनं, मध्येच "ए, मागं बोलू नका!" म्हणून. नंतर ती वर्गात बोलू लागली ती थांबेचना. म्हणून घरातलं तेलुगू बंद करून मोडकं मराठी सुरू करायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नकोस. आजीच्या गोष्टी तेलुगूतच चालू दे. ज्या मुलाला एका भाषेत भरपूर बोलता येतं, त्याला दुसरी भाषा धरायला सोपी जाते.

आकड्यांत मात्र एक गोम आहे, ती माहीत असू दे. तेलुगूत आणि कन्नडमध्ये एकवीस म्हणताना आधी वीस येतात, मग एक. मराठीत एक आधी. त्यामुळे वर्षाच्या शेवटी बाई "एकवीस" म्हणाल्या की तुझी लेक १२ लिहील. घरात शुद्ध मराठी असलेली मुलंही लिहितात. यावरूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" अशी वाचायची पद्धत आली होती आणि राज्यभर वाद झाला होता. वाद राहू दे. तू दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या आणि एक सुटी काडी तिच्यापुढं ठेव, आणि हे एकवीस असं दाखव. ३ आणि ६ तर एकमेकांचे आरशातले भाऊच आहेत, ते सात वर्षांपर्यंत उलटसुलट होतात. ब-व, घ-ध, भ-म यांचंही तेच. लगेच खोडरबर घेऊन बसू नकोस.

आणि पाटी भरून "क" गिरवायला लावू नकोस. या वयात मनगटाची हाडं अजून पुरी घडलेली नसतात. दहा ओळींनंतर हात खरंच दुखतो. कणीक मळू दे, शेंगा सोलू दे, गाठी सोडवू दे, मातीत रेघोट्या मारू दे. पेन्सिल धरायची ताकद तिथं येते. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलं आहे. शाळेनं दिलाच, तर दहा-पंधरा मिनिटं बस आणि उठ. बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी बालवाडी घराघरापाशी नेली, त्यालाही आता कित्येक दशकं झाली. तरी आपण खेळाला अजून वेळ वाया घालवणं समजतो, याचं मला वाईट वाटतं.

प्रगती सरळ रेषेत होणार नाही. श्रावणात सर्दी-ताप येऊन जाईल. इतकी पोरं एकत्र बसली की पहिल्या वर्षी दुखणी जास्तच होतात. पाच ते सहा वर्षांमधला डीपीटी लसीचा बूस्टर राहिला असेल, तर महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन या महिन्यातच देऊन टाक. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पुन्हा रडेल. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेनंतर, म्हणजे आपल्या गड्ड्यानंतर, तर सगळ्या वर्गाचंच चित्त जत्रेतल्या पाळण्यात असतं. नंदीध्वज, अक्षता सोहळा, रात्रीची जागरणं, सगळं तिला दाखव. शाळेसाठी गड्डा बुडवू नकोस. फक्त शाळा उघडायच्या आदल्या दोन रात्री लवकर झोपव.

सकाळचं तुमचं घर मला माहीत आहे. नळाला काही दिवसांआड पाणी, आणि ते नेमकं शाळेच्या वेळेला. तू रात्रपाळी करून नुकता टेकलेला, सूनबाई घागरी भरतेय, आणि पोरीचा एक बूट सापडत नाही. त्या सकाळी घरातला सगळा राग तिच्यावर निघतो आणि तो घेऊन ती वर्गात येते. पाण्याच्या आदल्या रात्री दप्तर, गणवेश, बूट दाराशी काढून ठेव. हे काम तू कर. बायकोवर टाकू नकोस.

संध्याकाळी "आज काय शिकवलं?" विचारलंस की "काही नाही" असंच उत्तर येईल. "कुणाशेजारी बसलीस? खिचडीत वाटाणा होता का? कोण रडलं?" असं विचार. मैत्रिणीचं एक नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं की निम्मी लढाई जिंकली.

काळजी कधी करायची, तेही सांगते. ती घरीही बोलेनाशी झाली, फळ्याकडे डोळे बारीक करून बघते असं बाई म्हणाल्या, हाक मारली तर वळत नाही, किंवा फक्त शाळेच्याच सकाळी पोट दुखतं आणि रविवारी नाही, तर थांबू नकोस. डोळे आणि कान आधी तपासून घे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी तिला घरी ठेवू नकोस. आणि कुणी मारतंय, घालूनपाडून बोलतंय असं कळलं, तर गप्प बसायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे. आधी बाईंशी बोल, मग मुख्याध्यापकांशी. शांतपणे बोल, पण बोल. आणि तक्रार नसतानाही महिन्यातून एकदा शाळेत डोकावत जा. आमच्याकडे बाप फार कमी यायचे.

एप्रिलअखेर तिला जोडाक्षरं सोडून साधी वाक्यं वाचता आली तर छान. नाही आली तर दुसरीच्या दिवाळीपर्यंत वाट बघ, तोवर रोज रात्री गोष्टीचं एक पान तू वाचून दाखव. मे महिन्यात कसलाही क्लास लावू नकोस. तिला आजोळी पाठव, आणि ऊन उतरल्याशिवाय बाहेर खेळू देऊ नका म्हणून तिथं बजावून सांग.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी तिला घेऊन ये. सूनबाईंनाही आण.

तुझी,
बाई