फडकं फिरवण्याआधी: गाडीचा रंग आणि सीटचं चामडं, वाचकांचे प्रश्न

महागड्या गाड्यांचा रंग आणि चामड्याच्या सीट यांविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं नाशिक शहरातली आहेत, द्राक्षपट्ट्यातली आहेत, इगतपुरीचीही आहेत. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी निम्म्याहून जास्त पत्रांत दुखणं एकच निघालं: कोरड्या धुळीवर फिरलेलं फडकं.

प्रश्न: माझी काळी मर्सिडीज ई-क्लास दोन वर्षांची आहे. सोसायटीत गाडी पुसायला माणूस लावलाय, तो रोज सकाळी बादलीभर पाण्यात फडकं पिळून गाडी पुसतो. सावलीत गाडी झकास दिसते, पण उन्हात आणि पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बॉनेटवर गोल गोल बारीक रेघा दिसतात. दुकानदार म्हणतो रबिंग-पॉलिश करून घ्या. करावं का?
(कॉलेज रोड, नाशिक)

करा, पण त्याआधी ते रोजचं पुसणं बंद करा. नाहीतर महिन्याभरात रेघा परत येतील आणि रंग मात्र कायमचा पातळ झालेला असेल.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे छपाईच्या एका कागदाएवढे असतात. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच आणि ऊन अडवण्याचं कामही त्याचंच. रस्त्यांच्या कामांची धूळ म्हणजे वाळू, खडी आणि सिमेंट. एका बादलीतल्या एका फडक्यानं अख्खी गाडी पुसली की हेच कण दाबून घासले जातात. रेघा खरं तर सगळ्या दिशांना असतात. दिव्याच्या भोवती आडव्या पडणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून गोल दिसतात.

पॉलिश म्हणजे रेघेच्या तळापर्यंत क्लिअर कोट घासून काढणं. त्यामुळे दुकानदाराकडे जाडी मोजायचं यंत्र आहे का, हे आधी विचारा. प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी मोजून आकडे लिहून घ्या. हे यंत्र सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. आकडा ८०-९०च्या खाली असेल तर तिथे जास्त घासू देऊ नका. २००च्या वर असेल तर ते पॅनेल पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी. जुनी गाडी घेतानाही हे यंत्र फार उपयोगी पडतं.

काम ड्युअल ॲक्शन मशीनवर, म्हणजे पॅड फिरता फिरता झुलतंही अशा मशीनवर, करायला सांगा. नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनवर हात सराईत नसेल तर कडांवरचा रंग जळतो आणि काळ्या रंगावर उन्हात हलणारे ढगाळ पट्टे उरतात. आधी दीड फूट चौरसावर नमुना करून घ्या. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो भाग पुसायला सांगा आणि दिवा धरून बघा. पॉलिशमधलं तेल रेघा झाकतं आणि दोन-तीन धुण्यांत त्या पुन्हा वर येतात. नखाला लागणारी रेघ मात्र काढायचा हट्ट धरू नका. तिच्या कडा थोड्या बोथट केल्या तरी ती नजरेत भरत नाही.

आता धुण्याचं. गाडी सावलीत आणि बॉनेट हाताला थंड लागायला हवं. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं धूळ उतरवा, मग फोम मारून चार-पाच मिनिटं थांबा, पण तो वाळू देऊ नका, आणि पुन्हा पाणी मारा. इथपर्यंत गाडीला हात लागलेला नसतो, आणि निम्मी लढाई इथेच जिंकलेली असते. त्यानंतर दोन बादल्या, प्रत्येकी १५ लिटरच्या: एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा दर पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. छतापासून खाली या, हात सरळ रेषेत चालवा, आणि चाकांसाठी बादली-कापड वेगळं ठेवा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको. वॅक्स किंवा कोटिंगचं पाणी झटकणं त्यानं मंदावतं. वाळवताना मोठा जाड टॉवेल पसरून टिपा, घासू नका.

सोसायटीत नळी लावू देत नसतील तर 'रिन्सलेस वॉश', म्हणजे नंतर पाण्यानं धुवावं न लागणारं द्रावण घ्या. बहुतेक द्रावणांचं प्रमाण साधारण ३० मिलिलिटर आठ लिटर पाण्यात असं असतं, बाटलीवर वाचून खात्री करा. एका पॅनेलवर आधी तेच द्रावण फवारून मिनिटभर थांबा, मग भिजलेला टॉवेल हलक्या हातानं एकदाच फिरवा आणि घडी बदला. आठ-दहा टॉवेल हाताशी असू द्या. पुसणाऱ्या माणसाला हे शिकवा आणि रोज नको, आठवड्यातून एकदाच कर म्हणून सांगा. पगार तोच ठेवा. गाडी चार दिवस धुळीत राहिली तर काही बिघडत नाही.

प्रश्न: आमच्याकडे बोअरवेलचं पाणी आहे. गाडी धुतली की काचांवर आणि बॉनेटवर पांढरे गोल डाग उरतात, शाम्पूनं जात नाहीत.
(पाथर्डी फाटा)

पाणी उडून जातं, त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार मागे राहतो. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी मिसळा, कापड भिजवून डागावर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा आणि नंतर शाम्पू फिरवा. हे उन्हात करू नका. एवढं करूनही वर्तुळ दिसत असेल, तर क्षारानं क्लिअर कोटमध्ये खड्डा केला आहे. तो पॉलिशनंच कमी होईल.

पुन्हा डाग पडू नयेत म्हणून शेवटचं पाणी बदला. घरच्या एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. ते स्वच्छ बादलीत साठवा, कापडातून गाळा आणि शेवटी पाच-सात लिटर गाडीवरून वाहू द्या. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही वापरू नका, त्यात क्षार उलट एकवटलेले असतात.

प्रश्न: द्राक्षबागेत फवारणी चालू असताना गाडी बांधाला उभी होती. बोर्डो या बुरशीनाशकाचे निळसर पांढरे ठिपके पडलेत, खिडक्यांभोवतीची चंदेरी पट्टीही मळकट झाली.
(पिंपळगाव बसवंत)

रंगापेक्षा काळजी त्या पट्टीची आहे. बोर्डोत मोरचूद आणि चुना असतो. बऱ्याच जर्मन गाड्यांची ती पट्टी क्रोमची नसून ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची असते, आणि तिच्यावरचा संरक्षक थर चुन्यासारख्या अल्कलीपुढे टिकत नाही. त्यामुळे पट्टीवर दुधी डाग उमटतात. पट्टीवर ॲसिडचा प्रयोग करू नका. पाणी आणि न्यूट्रल शाम्पूनं ती लगेच धुवा; त्यानंतरही डाग राहिला तर मेटल पॉलिश अगदी हलक्या हातानं, आधी कोपऱ्यात करून बघा. खोल गेलेला डाग निघत नाही, पट्टी बदलावी लागते.

रंगावरचे ठिपके नखानं खरवडू नका, चुन्याचे कण रेघा पाडतात. ओला टॉवेल दहा मिनिटं पसरून ठेवा, वाहत्या पाण्यानं सोडवा, उरलेल्या ठिपक्यांना वरच्या उत्तरातलं व्हिनेगर लावा. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा या द्राक्षावरच्या रोगासाठी फवारण्या सुरू झाल्या की गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बागेपासून लांब लावा. कव्हरवर विसंबू नका. कव्हराखाली धूळ असेल तर वाऱ्यानं तेच गाडीला घासतं.

प्रश्न: नवी पांढरी गाडी सप्तशृंगी गडावर पूजेला नेली. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, हळदीचा डाग गेला नाही.
(दिंडोरी)

हळदीचा पिवळेपणा जातो, घाबरू नका. तो रंग ज्यामुळे येतो ते कर्क्युमिन उन्हात विरतं. शाम्पूनं धुऊन गाडी काही दिवस उन्हात उभी करा, डाग फिका पडत जाईल. कुंकू रासायनिक रंगाचं असेल तर त्याचा भरवसा नाही. पुढच्या पूजेला स्वस्तिक काचेवर काढा. काच काही शोषत नाही. लिंबू-मिरची बंपरला टेकेल अशी लोंबती ठेवू नका, लिंबाचा रस आणि तार दोन्ही रंगाला वाईट.

प्रश्न: आठवड्यातून दोनदा मुंबईला जातो, कधी कसारा घाटानं, कधी इगतपुरीहून समृद्धीनं. सिरॅमिक कोटिंग करू की पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म)? कोटिंगवाला म्हणतो '९ एच' आहे, दगड लागला तरी ओरखडा नाही.
(गोविंदनगर)

तो चुकीचं सांगतोय. ९ एच हे पेन्सिलच्या शिशाच्या कठीणपणाचं मोजमाप आहे. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा, कित्येकदा त्याहून पातळ. त्यानं पाणी आणि मळ चटकन सुटतो, पक्ष्यांची घाण पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो, चमक टिकते. समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी तो अडवूच शकत नाही.

पीपीएफ ही १५० ते २०० मायक्रॉनची लवचिक फिल्म. खडीचा मार ती स्वतःवर घेते आणि बारीक रेघा उन्हाच्या उबेनं भरून येतात. तुमच्या प्रवासाला आमचं मत स्पष्ट आहे: पुढचा बंपर, पूर्ण बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे, हेडलाइट आणि दारांखालचा पट्टा यांवर पीपीएफ, बाकी गाडीवर सिरॅमिक. फिल्म टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची) आहे हे बिलावर लिहून घ्या. स्वस्त पीव्हीसी पिवळी पडते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते. कापणी संगणकावर आधीच झालेली हवी. गाडीवर ब्लेड चालवून कापली तर रंगावर कायमची रेघ राहते. कडा शक्य तिथे आत वळवून घ्यायला सांगा. नव्या गाडीला थांबायची गरज नाही, पण गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर काही आठवडे जाऊ द्या, नाहीतर फिल्म काढताना रंगही निघतो. लावल्यावर आठवडाभर धुऊ नका. पाण्याचे छोटे फुगे दोनेक आठवड्यांत आपोआप जातात, कडेला अडकलेला कचरा जात नाही. तसं दिसलं तर तो तुकडा बदलून मागा.

प्रश्न: फिक्या क्रीम रंगाच्या, हवा येणाऱ्या सीट आहेत. जीन्सचा निळा रंग उतरलाय. चामडं मऊ राहावं म्हणून घरात कोणीतरी खोबरेल तेल लावलं, त्यानंतर सीट काळपट दिसते.
(गंगापूर रोड)

तेल आता लावू नका. गाडीतलं बहुतेक चामडं रंगवून त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर दिलेलं असतं, त्यामुळे तेल आत जातच नाही. ते वर राहतं, धूळ धरतं आणि तुमच्या सीटच्या बारीक भोकांतून आत फोममध्ये उतरतं. खात्री करायची तर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर थर आहे. शोषला जाऊन डाग गडद झाला तर ते उघडं ॲनिलीन चामडं, ते घरी न धुता जाणकाराकडे द्या. काही गाड्यांत सीटचा बराच भाग कृत्रिम चामड्याचा असतो; त्यालाही खालचीच पद्धत चालते.

सीटचा पंखा बंद करा. मऊ ब्रशच्या तोंडाच्या व्हॅक्यूमनं शिवणीतली रेती काढा, चिरा पडायला तीच सुरुवात करते. लेदर क्लीनर सीटवर थेट फवारू नका, ब्रशवर घ्या, म्हणजे भोकांत पाणी जाणार नाही. एका वेळी अर्धीच सीट घ्या, हलका फेस करा आणि तो सुकायच्या आत ओलसर मायक्रोफायबरनं उचला. तेल निघायला दोन-तीन फेऱ्या लागतील. स्वच्छ चामडं मॅट दिसतं. सीट चकाकायला लागली तर तो मळ असतो. जीन्सचा डाग काही दिवसांचा असेल तर याच पद्धतीनं बराच जातो. महिनोन्‌महिने राहिलेला रंग वरच्या थरात मुरतो, मग ती जागा कारागिराकडून पुन्हा रंगवून घेणं हाच मार्ग. स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट आणि पांढरा 'मॅजिक' स्पंज यांनी डाग जातो, पण सोबत वरचा थरही जातो आणि पुढचा डाग आणखी खोल बसतो.

सीट पूर्ण वाळली की लेदर प्रोटेक्टंटचा पातळ हात द्या आणि काही तास बसू नका. ड्रायव्हर सीट महिन्यातून एकदा, बाकीच्या तीन महिन्यांतून एकदा पुसा. सर्वांत आधी झिजते ती ड्रायव्हर सीटची उजवी कड, कारण चढता-उतरताना अंग तिथेच घासतं. तिथे लक्ष जास्त द्या. स्टिअरिंगवर अल्कांटारा असेल तर त्याला लेदर क्लीनर लावू नका. ते चामडं नाही, कृत्रिम मायक्रोफायबर आहे. किंचित ओलं कापड आणि वाळल्यावर मऊ ब्रश एवढंच त्याला पुरतं.

प्रश्न: पावसाळ्यात गाडी तीन आठवडे बंद होती. सीटवर पांढरी बुरशी आली, वासही येतो.
(इगतपुरी)

मास्क लावा, गाडी बाहेर काढून चारही दारं उघडा. बुरशी कोरडी झटकू नका, तिचे बीजाणू सगळीकडे पसरतात. ओलसर कापडानं उचला, दर वेळी कापडाची घडी बदला, मग वर दिल्याप्रमाणे सीट धुऊन पंख्याखाली वाळवा. एसीचा केबिन फिल्टर बदला.

त्यानंतर पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. ओला असेल तर बुरशीचं कारण दमट हवा नव्हे, गळती आहे, आणि सनरूफ असेल तर संशय आधी त्याच्या नळ्यांवर घ्या. सनरूफ उघडून कोपऱ्यातल्या खाचेत कपभर पाणी हळूहळू ओता. थोड्या वेळात ते गाडीखाली ठिबकायला हवं. ठिबकलं नाही तर पानांच्या कचऱ्यानं नळी तुंबली आहे. जोरात हवा मारू नका, नळी आतल्या आत सांध्यातून सुटते. नायलॉनची जाड दोरी हळूच सरकवून ती मोकळी करा. हे लांबणीवर टाकू नका. अनेक महागड्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड कार्पेटखालीच बसवलेले असतात, आणि तिथे पाणी गेलं की येणारं बिल सीटच्या खर्चाहून कितीतरी मोठं असतं.